रिकॉलचं काम फुकट आणि चांगलं झालं, पण मला कळवलं कोणीच नाही: एका गाडी कंपनीच्या रिकॉल सर्व्हिसचा रिव्ह्यू

कंपनीचं नाव लिहीत नाहीये आणि सर्व्हिस सेंटरचंही नाही, कारण मला एकाच कंपनीला झोडपायचं नाहीये, ग्रुपवर आणि ओळखीत विचारलं तर थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी हेच ऐकायला मिळालं. रिव्ह्यू लिहितेय तो रिकॉलच्या सर्व्हिसचा, म्हणजे कंपनीने एखादा पार्ट खराब निघालाय म्हणून गाडी परत बोलावली तर ते काम नक्की कसं होतं, आपल्याला कधी कळतं, काय सांगतात, काय सांगत नाहीत. आधीच सांगून टाकते, काम करणाऱ्या माणसाला पैकीच्या पैकी मार्क, आणि कळवण्याच्या बाबतीत कंपनीला शून्य. रिकॉल जाहीर केला, पेपरात बातमी आली की कंपनीची जबाबदारी संपत नाही, ज्याच्या दारात आज ती गाडी उभी आहे त्याच्यापर्यंत पोचून पार्ट बदलेपर्यंत ती जबाबदारी कंपनीचीच आहे, एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

आमची गाडी पेट्रोल हॅचबॅक, सेकंड हँड घेतलेली, पण रस्त्यावरच्या एजंटकडून नाही तर कंपनीच्याच जुन्या गाड्यांच्या शोरूममधून. तिथे ते लांबलचक चेकलिस्ट दाखवतात ना, टायर एवढे, क्लच असा, सगळ्यावर हिरवी टिक, वर वॉरंटी कार्ड, ते सगळं बघूनच दोन पैसे जास्त देऊन घेतली. आरसी माझ्या नावावर, इन्शुरन्स माझ्या नावावर, सर्व्हिसिंग पहिल्यापासून त्यांच्याच ऑथोराइज्ड सेंटरला, मोबाईल नंबर, पत्ता, ईमेल सगळं त्यांच्या सिस्टिममध्ये आहे. इन्शुरन्स संपायच्या महिनाभर आधीपासून फोन चालू होतात, मॅडम रिन्यूअल आमच्याकडूनच करा, सर्व्हिस ड्यू झाली की मेसेज, पावसाळ्याच्या आधी चेकअप कॅम्पचा मेसेज, दिवाळीला नवीन मॉडेलच्या एक्सचेंज ऑफरचा मेसेज. हे सगळे मेसेज मला मिळाले. फ्युएल पंपच्या, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनला पोचवणाऱ्या पार्टच्या, रिकॉलचा मेसेज मात्र मिळाला नाही.

कळलं कसं, तर माझा भाऊ असतो कराडला, त्याच्याकडे हेच मॉडेल, त्याच वर्षातलं, फक्त त्याने शोरूममधून नवीन घेतलेलं. त्याला मेसेज आला की अमुक तारखांच्या मधल्या गाड्यांचा फ्युएल पंप बदलायचाय, जवळच्या सेंटरला या. त्याने मला सहज फोन केला, ताई तू बदलून घेतलास का गं पंप? मी म्हटलं कसला पंप. मग त्याने लिंक पाठवली, मी आरसी काढून चॅसिस नंबर टाकला तर कंपनीच्या साइटवर लगेच दाखवतंय की तुमचं वाहन या मोहिमेत आहे. म्हणजे कंपनीला माझी गाडी माहिती आहे, चॅसिस नंबर माहिती आहे, आणि हा रिकॉल मी गाडी घ्यायच्या आधीपासून जाहीर झालेला. म्हणजे ज्या दिवशी हिरव्या टिकांची चेकलिस्ट माझ्या हातात दिली त्या दिवशीही ही गाडी रिकॉलमध्ये होती आणि तो पंप तसाच आत होता. चेकलिस्टमध्ये म्युझिक सिस्टिमची ओळ आहे, फ्लोअर मॅटची आहे, पण रिकॉल बाकी आहे का ही ओळच नाही. मी घरी येऊन परत परत बघितली, नाहीच.

अपॉइंटमेंटसाठी फोन केला तर पहिल्यांदा कॉल सेंटरच्या मुलीला कळेचना, तिने तीनदा विचारलं की पेड सर्व्हिस की फ्री सर्व्हिस. मग सेंटरला फोन लावला, ते म्हणाले पार्ट ऑर्डर करावा लागेल, आला की कळवतो. ठीक आहे, एवढ्या गाड्या बोलावल्यावर पार्ट लगेच मिळणार नाही हे मी समजू शकते. पण मी विचारलं की तोपर्यंत गाडी चालवू की नको, हायवेला नेऊ की नको, तर पलीकडून उत्तर काय, "काही होत नाही मॅडम, बिनधास्त चालवा." आता हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगताय? ज्या पार्टसाठी कंपनी स्वतः गाडी परत बोलावते त्याबद्दल काउंटरवरचा माणूस बिनधास्त चालवा म्हणतो, लेखी द्या म्हटलं की गप्प. निदान गाडी मधेच बंद पडली तर काय करायचं, लक्षणं कोणती, कशावर लक्ष ठेवायचं, याचा एक कागद तरी त्यांच्याकडे असायला हवा होता. तसं काही नव्हतं.

पार्ट आल्यावर गेले. सर्व्हिस अॅडव्हायझरने जॉबकार्ड, म्हणजे गाडीच्या कामाची नोंद करायचा कागद, बनवलं, आणि रिकॉलचं काम आहे म्हटल्यावरही यादी सुरू झाली, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) क्लीनिंग करून घ्या, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग पावसाळ्याच्या आत, इंजिन डिकार्ब. मला हे मनापासून आवडलं नाही. तुमच्या कंपनीच्या चुकीसाठी मी अर्धा दिवस सुट्टी टाकून आलेय, येण्याजाण्याचं पेट्रोल माझं, रिक्षाचे पैसे माझे, आणि त्याच टेबलावर तुम्ही मला कोटिंग विकताय. रिकॉलला आलेल्या गाडीच्या जॉबकार्डवर दुसरं काही विकायला बंदीच असायला पाहिजे, निदान ग्राहकाने स्वतः विचारेपर्यंत तरी. पंपमध्ये नक्की दोष काय आहे विचारलं तर म्हणे, "छोटासा अपग्रेड आहे मॅडम, प्रिकॉशन म्हणून." मी तिथेच सांगितलं की मला जो माणूस काम करणार आहे त्याच्याशी बोलायचंय आणि मी बे मध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये गाडीचं काम होतं तिथेच, उभी राहणार. थोडी कुरकुर झाली पण सोडलं.

आणि इथे मात्र मला खरंच चांगला माणूस भेटला. चाळिशीतले असतील, शांतपणे काम करणारे. मी म्हटलं दादा मला जरा समजावून सांगाल का, तर त्यांनी काम करता करता सगळं सांगितलं. आधी पंपचा रिले काढला आणि इंजिन चालू ठेवून आपोआप बंद पडू दिलं, लाइनमधलं प्रेशर गेलं पाहिजे म्हणे नाहीतर पाइप काढताना पेट्रोल अंगावर उडतं. टाकी फुल करून आणू नका असं त्यांनीच आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, ते पंप बाहेर काढताना टाकीतलं पेट्रोल सांडू नये म्हणून. मग मागच्या सीटचा खालचा भाग उचलला, खाली बिस्किटांचा चुरा आणि मुलाची हरवलेली स्केचपेन, त्याच्याखाली एक गोल झाकण. झाकण उघडायच्या आधी त्यांनी एअर गनने सगळी धूळ उडवली, एक कण सुद्धा टाकीत जाता कामा नये. मग कनेक्टर, पाइप, मोठी रिंग फिरवून काढली आणि पंप ज्यात बसवलेला असतो तो पांढरा प्लास्टिकचा मोड्यूल हळूच तिरका करत वर घेतला, त्याचा तो फ्लोट अडकतो ना म्हणून. सगळीकडे पेट्रोलचा वास. नवीन मोड्यूल, नवीन गॅस्केट, परत रिंग घट्ट, मग चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून लाइन भरली आणि लीक आहे का ते टॉर्च मारून बघितलं, सीट बसवायच्या आधी परत एकदा हात फिरवून वास घेऊन बघितला. जुना पंप मला हातात घेऊन बघू दिला, तो कंपनीला परत पाठवावा लागतो म्हणून घरी नेता येत नाही, पण त्यावरचा नंबर मी फोटो काढून ठेवला.

दोष काय तोही त्यांनीच सांगितला. या पंपच्या आत एक छोटं प्लास्टिकचं चक्र असतं, इम्पेलर म्हणतात, ते फिरून पेट्रोल पुढे ढकलतं. ज्या लॉटमध्ये त्या प्लास्टिकची घनता कमी पडली तिथे ते पेट्रोल शोषून घेतं, फुगतं, वाकडं होतं आणि पंपच्या बॉडीला घासायला लागतं. मग कधी इंजिन रफ चालतं, कधी गाडी सुरूच होत नाही, आणि वाईटात वाईट म्हणजे चालत्या गाडीत पेट्रोल येणं थांबतं आणि इंजिन बंद. नंतर मी वाचलं तर हाच प्रकार जगभर झालेला, डेन्सो नावाची मोठी जपानी पार्ट कंपनी आहे त्यांच्या पंपमुळे २०२० मध्ये आणि त्यानंतर टोयोटा, होंडासकट कितीतरी कंपन्यांनी लाखो गाड्या बोलावल्या. आपल्याकडे मारुतीने जुलै २०२० मध्ये वॅगनआर आणि बलेनोच्या १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंपसाठी बोलावल्या होत्या, होंडाने एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४. म्हणजे हे काही गुपित नाही, गाड्यांच्या धंद्यात सगळ्यांना माहिती असलेली गोष्ट आहे. मग काउंटरवर ती छोटासा अपग्रेड कशी काय होते?

आता ज्या गोष्टीमुळे मला सगळ्यात जास्त राग आला ती सांगते. हा पंप बदलायच्या काही महिने आधी आमची गाडी चालता चालता बंद पडली होती. कुठे, तर कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येतो तो उतार, पुण्यातल्या लोकांना त्या उताराबद्दल वेगळं सांगायला नको. मागे लोड भरलेले ट्रक, गाडीत मी, मुलगा आणि सासूबाई. अॅक्सिलरेटरला प्रतिसादच नाही, स्टिअरिंग एकदम जड झालं, ब्रेक दोनदा दाबल्यावर कडक. कशीबशी डाव्या बाजूला घेतली, हजार्ड लावले, दहा मिनिटांनी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी याच सेंटरला नेली, सगळं सविस्तर सांगितलं, जॉबकार्डवर लिहिलंय, माझ्याकडे कॉपी आहे, "चालू गाडी बंद पडली, इंजिन कटऑफ." त्यांनी काय केलं? पेट्रोलमध्ये भेसळ असेल म्हणाले, थ्रॉटल बॉडी साफ केली, बिल लावलं आणि गाडी परत दिली. अहो तुमच्या कॉम्प्युटरमध्ये चॅसिस नंबर टाकल्याशिवाय जॉबकार्ड उघडत नाही ना, मग त्याच नंबरावर फ्युएल पंपचा रिकॉल बाकी आहे हे तुम्हाला समोर दिसत असणार किंवा दिसायला हवं. रिकॉलमध्ये ज्या तक्रारीचं नाव लिहिलंय तीच तक्रार घेऊन ग्राहक तुमच्या दारात उभी आहे, आणि तुम्ही तिला पेट्रोलमध्ये भेसळ आहे म्हणून सांगता. याला मी साधा निष्काळजीपणा म्हणणार नाही. नंतर त्या उतारावर काही झालं असतं तर पोलीस पंचनाम्यात काय लिहिलं असतं, चालकाचा ताबा सुटला.

मी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला, दोन्ही जॉबकार्ड जोडून, आणि दोनच प्रश्न विचारले. पहिला, तुमच्या शोरूमने रिकॉल बाकी असलेली गाडी मला न सांगता का विकली? दुसरा, गाडी बंद पडल्यावर तुमच्या सेंटरने रिकॉल का नाही बघितला? बऱ्याच रिमाइंडरनंतर फोन आला, थ्रॉटल बॉडीच्या बिलाचे पैसे परत देतो, गुडविल म्हणून. पैसे आले खात्यात. प्रश्नांची उत्तरं आली नाहीत. मला ते पैसे नको होते असं नाही, माझ्या हक्काचे होते, पण माझ्यासारखे दुसऱ्या हातातले जे बाकीचे मालक आहेत त्यांच्यासाठी ती उत्तरं जास्त महत्त्वाची होती.

लोक म्हणतील एवढं काय त्यात, पंप बदलला ना फुकटात. म्हणून ताकाताची गोष्ट सांगते, कारण दुसऱ्या मालकापर्यंत न पोचणं किती महागात पडतं ते तिथे दिसतं. ताकाता ही जपानी एअरबॅग कंपनी, त्यांच्या एअरबॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. हे द्रव्य वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्णता खाऊन बिघडतं, आणि मग एअरबॅग उघडताना गरजेपेक्षा फार जोरात स्फोट होतो, धातूचं आवरण फुटतं आणि त्याचे तुकडे सरळ चालकाच्या मानेत, तोंडावर. एकट्या अमेरिकेत पंचवीसच्या वर माणसं गेली, जगभरात साधारण दहा कोटी इन्फ्लेटर बदलायची वेळ आली. होंडाने पहिला रिकॉल २००८ मध्ये केला तो फक्त चार हजारच्या आसपास गाड्यांचा. २०१४ मध्ये मलेशियात सारवाकला एका गरोदर बाईचा होंडा सिटीत असाच मृत्यू झाला. सिटी, म्हणजे आपल्याकडे किती घरांत असलेली गाडी! ताकाताने जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करायचं मान्य केलं, कार कंपन्यांना दिलेले टेस्टचे आकडे खोटे होते, एक अब्ज डॉलरचा दंड आणि भरपाई ठरली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही की हा दोष गाडी जुनी होत जाते तसा वाढतो. नवीन गाडीत धोका कमी, दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत जास्त, आणि दमट हवेत अजून जास्त. अमेरिकेत म्हणूनच फ्लोरिडा, हवाई अशा दमट भागांतल्या गाड्यांना पहिला नंबर दिला. त्या हिशोबाने आपल्याकडे मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी हे सगळे पहिल्या नंबरात यायला हवेत. होंडाने भारतात जुलै २०१६ मध्ये १,९०,५७८ गाड्या ताकाताच्या इन्फ्लेटरसाठी बोलावल्या, जानेवारी २०१७ मध्ये अजून ४१,५८०, जानेवारी २०१८ मध्ये २२,८३४. बोलावल्या हे चांगलंच केलं. पण त्या वयाची गाडी पहिल्या मालकाकडे असते का सांगा? मुंबईत घेतलेली गाडी आठ-दहा वर्षांनी चिपळूणला जाते, तिथून सावंतवाडीला, कधी नुसत्या सही केलेल्या फॉर्मवर. पत्र जातं मालाडच्या जुन्या फ्लॅटवर, आणि ज्या माणसाच्या छातीसमोर तो इन्फ्लेटर आहे तो कोकणात बसलाय, त्याला पत्ताच नाही. त्याला शोधायचं काम कोणाचं? मी म्हणते कंपनीचं, कारण गाडी बनवून पैसे तिने घेतले.

दुसरी जनरल मोटर्स या अमेरिकन गाडी कंपनीची गोष्ट, ती तर कंपनीच्या आतल्या गप्प बसण्याची आहे. कोबाल्ट आणि तशाच छोट्या गाड्यांच्या इग्निशन स्विचमध्ये स्प्रिंग कमजोर होती, गुडघा लागला किंवा चावीला जड कीचेन असली आणि खड्डा आला की चावी ऑनवरून अॅक्सेसरीवर सरकायची, इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि एअरबॅगसुद्धा बंद. म्हणजे गाडी आदळणार तेव्हाच एअरबॅग उघडणार नाही. कंपनीतल्या लोकांना काही वर्षं आधीपासून कल्पना होती. २००६ मध्ये स्विचचं डिझाइन सुधारलं पण पार्ट नंबर बदललाच नाही, त्यामुळे नंतर तपास करणाऱ्यांना जुना स्विच आणि नवा स्विच वेगळा आहे हेच कळेना. रिकॉल झाला तो २०१४ मध्ये, सुरुवातीला २६ लाख गाड्या, आणि भरपाई देणाऱ्या फंडाने १२४ मृत्यू मान्य केले. त्या तपासात कंपनीचं एक ट्रेनिंग प्रेझेंटेशन बाहेर आलं, त्यात इंजिनिअर लोकांना रिपोर्टमध्ये कोणते शब्द वापरू नका याची यादीच होती, त्यात "दोष" होता, "धोकादायक" होता. २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरून केस मिटवली. ही गोष्ट वाचल्यापासून मला आमच्या काउंटरवरचा तो छोटासा अपग्रेड जास्तच खटकतो. ज्या मुलाने मला ते सांगितलं त्याचा दोष नसेल, त्याला वरून तेच बोलायला शिकवलं असेल, पण मग वरच्यांनी ते शिकवणं थांबवलं पाहिजे.

सरळ बोलता येत नाही असंही नाही. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या, अल्टो के-टेन, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो, ग्रँड विटारा, आणि तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका. विकणाऱ्या कंपनीला असं म्हणायला जड जातंच, पण म्हटलं, आणि ते मला आवडलं. त्याच वर्षी जुलैमध्ये एस-प्रेसो आणि ईकोच्या ८७,५९९ गाड्या स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी बोलावल्या, तेव्हाही तो तुटू शकतो आणि स्टिअरिंगवर परिणाम होऊ शकतो हे लिहिलं होतं. ग्राहकाला एवढंच हवं असतं, काय तुटू शकतं आणि तुटलं तर काय होईल. आणि आपल्या पुण्यात मार्च २०२२ मध्ये रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची स्कूटर पेटली, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल, त्यानंतर पुढच्या महिन्यात कंपनीने त्या बॅचच्या १,४४१ स्कूटर तपासायला बोलावल्या. व्हिडिओ फिरला नसता तर किती दिवस लागले असते हा प्रश्न माझ्या मनात अजून आहे.

कायद्याचं पण थोडं लिहिते कारण बऱ्याच जणांना माहिती नसतं. २०१२ च्या जुलैमध्ये सियामने, म्हणजे गाडी कंपन्यांच्या संघटनेने, रिकॉलचा नियम केला पण तो स्वेच्छेचा होता. मग २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं, त्याप्रमाणे सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायचा आदेश देऊ शकतं, आणि कंपनीला पैसे परत द्यावे लागतात किंवा गाडी बदलून किंवा दुरुस्त करून द्यावी लागते. एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले, सक्तीच्या रिकॉलला १० लाख ते १ कोटीपर्यंत दंड. कंपनीने स्वतःहून दोष कळवला आणि रिकॉल केला तर दंड नाही, हे योग्यच आहे, नाहीतर लपवायचीच सवय लागेल. पण दोन गोष्टी मला पटत नाहीत. एक म्हणजे लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला १ कोटी म्हणजे काहीच नाही, एका मॉडेलच्या जाहिरातीला त्याहून जास्त जातात. दुसरं म्हणजे हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत. ताकाताचं वर लिहिलंय ते बघा, धोका सुरू होतो गाडी जुनी झाल्यावर, आणि जुन्या गाड्या कोणाकडे असतात, ज्यांना नवीन परवडत नाही त्यांच्याकडे. त्यांचा जीव सात वर्षांनंतर स्वस्त होतो का?

आणि मालक सापडत नाही हे कारण तर मी ऐकूनच घेणार नाही. अमेरिकेत रजिस्ट्रेशनच्या नोंदींवरून सध्याच्या मालकाला पोस्टाने पत्र पाठवावंच लागतं, साठ दिवसांच्या आत. जर्मनीत गाड्यांचं सरकारी नोंदणी खातं कंपनीला मालकांचे पत्ते मिळवून देतं आणि गंभीर दोष असताना रिकॉलचं काम केलंच नाही तर गाडी रस्त्यावर आणायची परवानगी जाऊ शकते. अमेरिकेत मोठ्या रेंटल कंपन्यांना २०१६ पासून रिकॉल बाकी असलेली गाडी भाड्याने देता येत नाही, आपल्याकडे सेल्फ ड्राइव्हवाल्यांना कोणी विचारतं का? आपल्याकडे तर "वाहन" नावाचा गाड्यांच्या नोंदणीचा सरकारी डेटाबेस आहे, आरसी ट्रान्सफर झाली की नवीन नाव त्यात येतं, पीयूसी त्याला जोडलेली आहे, इन्शुरन्स जोडलेला आहे. पीयूसीवाला नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि चॅसिसचे शेवटचे आकडे टाकतो, त्याच स्लिपवर खाली एक ओळ छापा ना, या गाडीचा रिकॉल बाकी आहे, जवळच्या सेंटरला जा. चिपळूण असो नाहीतर चाळीसगाव, पीयूसी काढायला माणूस कधी ना कधी जातोच. कंपन्यांनी रिकॉलच्या गाड्यांचे चॅसिस नंबर सरकारला द्यायचे आणि सरकारने ते तिथे दाखवायचे, एवढंच करायचंय, आणि माझ्या मते याचा खर्च कंपन्यांनी उचलावा.

तोपर्यंत आपण काय करायचं तर आरसीवरचा सतरा अक्षरी चॅसिस नंबर काढा, समोरच्या काचेच्या खाली कोपऱ्यात किंवा दाराच्या पिलरवर पण असतो, आणि कंपनीच्या साइटवर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन असं पान शोधून तिथे टाका. सापडलं नाही तर सेंटरला मेल करून लेखी विचारा, फोनवर नको. सियामच्या साइटवरही कंपन्यांच्या रिकॉलची माहिती असते. काम झाल्यावर जॉबकार्डवर रिकॉलचं काम झालं असं स्पष्ट लिहून घ्या आणि नवीन पार्टचा नंबर पण, विकताना उपयोगी पडतं. गाडीत काही धोकादायक वाटलं तर सरकारच्या परिवहन पोर्टलवर तक्रार नोंदवा, कारण ठराविक संख्येने तक्रारी जमल्या तरच सरकारकडची चक्रं हलतात, आणि आपण फक्त सोसायटीच्या ग्रुपवर बोलत बसलो तर ती संख्या कुठे दिसतच नाही.

मार्क द्यायचे तर बे मधल्या त्या दादांना पाचपैकी पाच, त्यांच्या स्वच्छ हाताला आणि खरं बोलण्याला. पार्ट मिळायच्या वेळेला तीन. काउंटरला एक, तो पण काम फुकट झालं म्हणून. कळवण्याला शून्य, आणि जुन्या गाड्यांच्या शोरूमला पण शून्य.

परवाच ऑफिसमधली एक मैत्रीण त्याच शोरूमला गाडी बघायला गेली, मला सोबत घेऊन. गाडी पसंत पडली, टोकन द्यायची वेळ आली तेव्हा मी चॅसिस नंबर मागितला आणि मोबाईलवर तिथेच टाकला. याही गाडीचा रिकॉल बाकी. सेल्सचा मुलगा म्हणाला मॅडम डिलिव्हरीनंतर करून देतो ना, काही टेन्शन नाही. मैत्रिणीने सांगितलं की आधी पार्ट बदला, जॉबकार्ड दाखवा, मग टोकन. मॅनेजर आला, थोडी चर्चा झाली, शेवटी गाडी वर्कशॉपला गेली आणि चौथ्या दिवशी जॉबकार्डचा फोटो तिच्या व्हॉट्सअॅपवर आला.